फिरतीवरची साखर

अधिक महिना लागला की सोलापूरच्या आमच्या सासुरवाडीहून तिन्ही जावयांना बोलावणं येतं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार आणि वाण म्हणून तेहतीस अनारसे. यंदाचा अधिक ज्येष्ठ ऐन उन्हाळ्यात आला. तिघांपैकी थोरल्या आणि धाकट्या साडूंना मधुमेह आहे. मी मधला, अजून काठावर. अनारशांचं ताट पुढे आलं आणि दोघांची जुंपली.

थोरले एका औषध कंपनीत एरिया मॅनेजर. हेडक्वार्टर लातूर, टूर उदगीर, अहमदपूर, नांदेड, देगलूर, धाराशिव, बार्शी. मधुमेह जुना, रात्री इन्सुलिनचं पेन. धाकटे साखर कारखान्यांना यंत्रं पुरवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर. गाळप चालू आहे तोवर त्यांचा पत्ता म्हणजे कुठल्या तरी कारखान्याचं गेस्ट हाऊस. मधुमेह अलीकडचा, गोळ्यांवर. एक जण मधुमेहाची औषधं विकतो, दुसरा साखर काढणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती करतो. यावरचे विनोद घरात करून झालेत, इथं नकोत.

थोरल्यांचं मत असं की फिरती कुणासाठी थांबत नाही, माणसानं स्वतःला बांधून घ्यावं आणि गावभर सांगत सुटू नये. धाकट्यांचं मत असं की बांधून घेण्यालाही हद्द असते. दिवसच बेभरवशाचा असेल तर औषध बदलून घ्यावं, सोबतच्यांना सांगावं आणि जमलं तर कामाचीही मोडणी बदलावी. ते जे बोलले ते आठवेल तसं देतो. मध्ये मध्ये माझं तोंड चालेल, त्याला इलाज नाही.

थोरले: एकच अनारसा घेतलात?

धाकटे: दुसरा घेतला तर तासाभरात दंडावरचा शुगर मोजणारा सेन्सर बोंबलेल आणि सासूबाई घाबरतील.

थोरले: यंत्राला विचारून जेवायचं? मी दोन खाल्ले. रात्री भात बंद, भाकरी एक. हिशेब मिटला.

धाकटे: इथं मिटतो, दादा. इथं भाकरी टाकायला माणसं आहेत. देगलूरला रात्री साडेअकराला तुम्ही काय मिटवता?

थोरले: साडेअकराला मी जेवतच नाही. नवी पोरं इथंच फसतात. तालुक्याच्या डॉक्टरांची ओपीडी दहापर्यंत चालते, मग एमआर लोकांना आत घेतात. शेवटचा कॉल होईस्तोवर अकरा. त्यानंतर पोरं ढाब्यावर जाणार, शेवभाजी, तंदुरी रोटी, वर थंड पेय, आणि तसंच पोटभर झोपणार. मी साडेसातला, पेशंटांची रांग चालू असते तेव्हाच, गाडीत बसून जेवून घेतो. आपल्या सोलापूरची कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते. शेंगाची चटणी, कांदा, काकडी, स्टँडबाहेरच्या गाड्यावरची दोन उकडलेली अंडी. आधी काकडी आणि अंडी, भाकरी शेवटी. मग एसटी स्टँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा मिनिटं चालतो. लोकांना वाटतं, गाडी चुकलेला माणूस आहे.

धाकटे: किती भाकऱ्या?

थोरले: एक. दीड. ज्वारीची भाकरी म्हणजे औषध, असं समजून तीन-तीन हाणणारे मी पाहिलेत. ज्वारी झाली तरी पिष्टच आहे. पण पोरांना भाकरीपेक्षा मारतो तो चहा. दिवसाला आठ-दहा केमिस्ट, दोन स्टॉकिस्ट, प्रत्येकाकडे अर्धा कप. टपरीवरचा चहा साखर घालूनच उकळलेला असतो, बिनसाखरेचा मागितला तर आपल्याकडं बघतात. अर्ध्या कपाला एक चमचा धरा, आठ कपांत ४० ग्रॅम साखर झाली, आणि ती कुणी जेवणात मोजत नाही. मी सरळ सांगून टाकलंय, ॲसिडिटी आहे, चहा सोडला.

धाकटे: ॲसिडिटी!

थोरले: मग काय सांगू?

धाकट्यांनी तेव्हा उत्तर दिलं नाही, पण हा धागा त्यांनी सोडला नव्हता. जेवणाच्या बाबतीत मात्र मी थोरल्यांच्या बाजूला आहे. फिरतीवर पथ्य पाळता येत नाही, हे आपण फार लवकर मान्य करून टाकतो. फुटाणे, शेंगदाणे, ताक, अंडी, काकडी हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्टँडवर मिळतं आणि बिस्किटांच्या पुड्यापेक्षा महागही नसतं. हायवेवर आता जागोजाग ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या लागल्यात. तिथं मधुमेही माणसं निर्धास्तपणे दोन-दोन कप घेतात. गूळ हीसुद्धा साखरच आहे, रंग बदलला म्हणून शरीर फसत नाही.

पण थोरल्यांच्या या सगळ्या शिस्तीला एक आधार आहे, तो त्यांच्या लक्षात येत नव्हता. त्यांचा दिवस लांब असला तरी ओळखीचा आहे. रांग किती वेळ चालणार, हे त्यांना ठाऊक असतं.

धाकटे: तुमचा टूर प्रोग्राम महिन्याच्या सुरुवातीला ठरतो. माझा कोण ठरवणार? सेंट्रिफ्यूगल बंद पडलं की मागचं सगळं तुंबतं. गव्हाणीत उसाची मोळी पडून राहते, गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते, चीफ इंजिनिअर डोक्यावर उभा. त्या वेळी ‘साहेब, माझी जेवणाची वेळ झाली’ म्हणून बघा. नाश्ता आठला, जेवण कधी एकला, कधी पाचला.

थोरले: म्हणूनच खिशात फुटाणे हवेत.

धाकटे: एकदा असंच झालं, फुटाणे बॅगेत होते, बॅग गेस्ट हाऊसवर. सकाळी मी ग्लिमेपिराइड घेतलेली. ती गोळी तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. हे मी तुम्हाला सांगायला नको.

थोरले: नको. मी ती कित्येक वर्षं विकलीय.

धाकटे: तीनच्या सुमाराला मी ऑपरेटरवर ओरडायला लागलो. उगाच. हात थरथरत होते, शर्ट भिजलेला. कारखान्यात उकाडा असतोच, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. एक जुना पॅनमन होता, त्याच्या घरी आईला मधुमेह. तो म्हणाला, साहेब रागावलेले नाहीत, साहेबांची शुगर उतरलीय. त्यानं पाण्यात साखर कालवून पाजली. नंतर मोजली तर ५२.

थोरले: पाजल्यावर ५२?

धाकटे: लगेच मोजली होती. आधी किती असेल, देव जाणे.

रक्तातली साखर ७०च्या खाली गेली की हायपो म्हणतात आणि ५४च्या खाली गेली की तो गंभीर मानतात. माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर उपाय सोपा आहे. तीन-चार चमचे साखर किंवा तेवढंच ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा द्यायचं. त्यानंतर काहीतरी खायला घालायचं. चॉकलेट यासाठी कामाचं नाही, त्यातली चरबी साखरेला रक्तात उतरू देत नाही, उशीर होतो. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

थोरले: यात गोळीचा काय दोष? तुम्ही जेवला नाहीत.

धाकटे: गोळीचा नाही. माझा आणि डॉक्टरांचा, अर्धा-अर्धा. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, जेवता कधी? मी सांगितलं, नऊला नाश्ता, एकला जेवण, साडेआठला रात्रीचं. ते माझं रविवारचं वेळापत्रक होतं, तेही ऑफ-सीझनमधल्या रविवारचं. डॉक्टरांनी त्या माणसाला गोळी दिली आणि ती घेऊन मी नाइट शिफ्टला गेलो.

थोरले: आणि आता?

धाकटे: आता महिन्याभराच्या खऱ्या वेळा कागदावर लिहून नेल्या. कधी जेवलो, कधी झोपलो, कुठं होतो. त्यांनी कागद पाहिला आणि ग्लिमेपिराइड बंद केली. मेटफॉर्मिनबरोबर सिटाग्लिप्टिन दिली. जेवण चुकलं तर एवढ्या दोन गोळ्यांनी शुगर सहसा खाली जात नाही.

थोरले: सिटाग्लिप्टिन महाग होती. २०२२च्या जुलैमध्ये पेटंट संपलं आणि बाजारात नुसता पूर आला. जो तो आपला ब्रँड घेऊन डॉक्टरांच्या दारात. किमती धाडकन खाली आल्या. त्याआधी तालुक्याच्या पेशंटला ती लिहिताना डॉक्टरांचा हात थांबायचा.

धाकटे: म्हणजे आता हात थांबायचं कारण नाही. कुणी विचारायला मात्र पाहिजे.

इथं थोरले थोडे नरमले आणि धंद्यातल्या माणसासारखे बोलू लागले. औषधांची ही बाजू पेशंटाला दवाखान्यात क्वचितच ऐकायला मिळते, म्हणून ते जरा सविस्तर.

थोरले: खरं सांगू? औषध रक्तातल्या आकड्याला जुळलं की डॉक्टरांचं काम झालं, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. नोकरीला जुळतं का, हे कोण बघतो? आता डॅपाग्लिफ्लोझिन घ्या. २०२०मध्ये तिचंही पेटंट संपलं, तीही स्वस्त झाली. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि किडनीला धरून आहे. पण ती साखर लघवीवाटे बाहेर काढते. माझ्या टीममधल्या एका पोराला दिली. तो उदगीर ते नांदेड बसमध्ये, बस मध्ये थांबत नाही. मग पठ्ठ्यानं काय केलं, पाणी प्यायचंच सोडलं. मे महिना, वर ते औषध, आत पाणी नाही. चक्कर येऊन पडला. उलट्या-जुलाब झाले, जेवण तुटलं की ती गोळी डॉक्टरांना विचारून थांबवायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

धाकटे: मेटफॉर्मिनचं तेच. पहिले पंधरा दिवस माझं पोट असं बिघडलं होतं की कारखान्यात यंत्राआधी संडास कुठं आहे ते विचारायचो.

थोरले: एसआर गोळी मागायची. हळूहळू विरघळते, त्रास कमी. सुट्टीच्या आठवड्यात चालू करायची, टूरच्या आदल्या दिवशी नाही. वर्षानुवर्षं घेत असाल तर बी-१२ तपासत जा. पाय चुरचुरायला लागले की लोक सगळं मधुमेहावर ढकलतात, कधी कधी ते बी-१२ असतं.

धाकटे: हे सगळं तुम्ही डॉक्टरांना सांगता?

थोरले: मी डॉक्टरांना दोन मिनिटांत तीन ब्रँड सांगतो. चौथं वाक्य बोलायला लागलो की ते घंटी वाजवतात.

मग विषय दोन वेळच्या जेवणावर गेला. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या मोहिमेमुळे दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांच्या आत उरकायचं, हे महाराष्ट्रात घराघरात पोचलंय. धाकट्यांना ते सोयीचं वाटतं, कारखान्यात तसंही तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही. थोरल्यांनाही तत्त्वतः वावडं नाही. दोघांचं एका गोष्टीवर तिथल्या तिथं एकमत झालं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवणं कमी करायच्या आधी डोस बदलून घ्यायचा, नंतर नाही. मित्राचं वजन उतरलं म्हणून आपणही सोमवारपासून सुरू केलं, हे यात चालत नाही. एकादशीच्या उपासालाही हेच लागू आहे, वर साबुदाण्याची खिचडी म्हणजे उपास करून शुगर वाढवायची सोय.

उन्हाळा असल्यामुळे इन्सुलिनचा विषय निघणारच होता.

धाकटे: तुमचं पेन कुठं आहे आत्ता?

थोरले: सासूबाईंच्या फ्रिजमध्ये नाही. न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. वापरात घेतलेलं बाहेर साधारण ४ आठवडे चालतं, पण ३० अंशांच्या आत. लॉजवर मे महिन्यात खोलीतच त्याहून जास्त असतं, आणि लाइट गेली की विचारू नका. म्हणून माझ्या डिकीत एक बुटकं मडकं असतं. तळाला ओली वाळू, त्यावर स्टीलचा डबा, डब्यात पेन, वरून ओलं फडकं. कोरड्या हवेत झकास गार राहतं. कोकणात किंवा पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही, पाणी उडतच नाही तर गारवा कुठून येणार? आणि लॉजच्या छोट्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटवून पेन ठेवू नका. एकदा गोठलं की ते फेकायचं, वितळल्यावर दिसतं तसंच पण काम करत नाही. विमानात नेहमी हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

धाकटे: हे मात्र कुठल्या ॲपमध्ये नाही.

आता धाकट्यांनी ॲसिडिटीचा धागा पुन्हा ओढला. संध्याकाळचा खरा वाद तो होता.

धाकटे: दादा, तुमच्या ड्रायव्हरला माहिताय का, तुम्ही रात्री इन्सुलिन घेता?

थोरले: त्याला कशाला? सॅम्पलच्या बॅगेत ग्लुकोमीटर असतो, सॅम्पल समजतो तो.

धाकटे: तुम्ही गाडीत बेशुद्ध झालात तर तो काय करणार? दारू प्यायलेत म्हणून लॉजवर नेऊन झोपवणार.

थोरले: इतक्या वर्षांत एकदाही नाही झालो. माझं एचबीएवनसी ६.८ आहे. कंपनीत माझ्याएवढं कुणाचं नसेल.

धाकटे: ती तीन महिन्यांची सरासरी आहे. कधी २५०, कधी ५०, तरी सरासरी देखणी येते.

थोरले यावर काही क्षण गप्प राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते बहुधा त्यांच्या बायकोनंही पहिल्यांदाच ऐकलं, कारण ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

थोरले: मी लावला होता तुमचा तो सेन्सर. मागच्या वर्षी. चौदा दिवसांना चार-पाच हजार जातात, पण एकदा लावला. दिवसा सगळं ठीक. कंपनीची तिमाही मीटिंग होती, रात्री हॉटेलात पार्टी. दोन पेग घेतले, जेवण नेहमीसारखं कमी, इन्सुलिन नेहमीएवढं. पहाटे तीनला ५८. मला जागही आली नाही. सकाळी आलेख बघून कळलं. आणखी दोन रात्री तसंच, त्या रात्री दारूसुद्धा नव्हती.

धाकटे: मग?

थोरले: डॉक्टरांनी चार युनिट कमी केले. म्हणाले, दारू पोटात असली की यकृत रात्री साखर सोडायचं काम नीट करत नाही आणि जुन्या मधुमेहात घाम, थरथर ही धोक्याची लक्षणंही बोथट होतात. शुगर उतरल्याचं शरीर कळवतच नाही.

धाकटे: आणि तुम्ही ड्रायव्हरला सांगितलं नाही.

थोरले: नाही. ऐका आता, तुम्ही सांगितलंत ना सगळ्यांना? काय मिळालं? केनियातल्या कारखान्याचं कमिशनिंग तुमच्याकडं येणार होतं. कुणाकडं गेलं?

धाकटे: दुसऱ्याकडं.

थोरले: ‘तब्येतीमुळे’ असं कुणी म्हटलं?

धाकटे: नाही. ‘तुम्ही इथंच जास्त उपयोगी आहात’ म्हणाले.

थोरले: तेच. २०१६च्या अपंगांच्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत मधुमेह नाही. कायदा आपल्या पाठीशी उभा नाही. चाळिशीत ‘शुगरवाला’ अशी चिठ्ठी पाठीला लागली की प्रमोशनच्या यादीत नाव खाली सरकतं, कारण कुणी देत नाही. मी हे पंचवीस वर्षं बघतोय. तुमचं खरं बोलणं फार महाग पडतं, साडूभाऊ.

धाकटे: पडतं. नाही म्हणत नाही. पण त्याबदल्यात काय मिळालं तेही ऐका. आता मला रात्री एकट्याला गाडी चालवत पाठवत नाहीत. गाळपात टेंभुर्णी-पंढरपूर रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. तिथं हायपो झाला तर मी एकटा मरणार नाही, कुणाला तरी घेऊन मरेन. दुसरं, पॅन सेक्शनच्या टेबलाच्या खणात ग्लुकोजचा डबा असतो आणि तो कुठं आहे हे तिन्ही पाळ्यांना ठाऊक आहे. तिसरं, मी सांगितल्यावर साइटवरच्या आणखी दोघांनी सांगितलं. एक वेल्डर, एक केमिस्ट. दोघंही लपवत होते. आयसीएमआरनं २०२३मध्ये पाहणी प्रसिद्ध केली, देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. एवढ्या लोकांचा आजार आणि तो ॲसिडिटीच्या नावावर खपवायचा?

थोरले: तुम्ही तरुण आहात, दुसरी नोकरी मिळेल. माझी निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. माझी पोरगी शिकतेय.

धाकटे: म्हणून तर म्हणतो. साहेबाला सांगू नका, ठीक आहे. ड्रायव्हरला सांगा.

या वादात कुणाचं बरोबर, हे ठरवणं सोपं आहे असं मला वाटलं नाही. थोरल्यांची भीती खोटी नाही. फिरतीच्या नोकरीत माणसाची किंमत तो किती दिवस बाहेर राहू शकतो यावर ठरते, आणि ज्याला वेळेवर जेवायला लागतं तो तिथं नाजूक समजला जातो. धाकट्यांच्या कंपनीनं केनियाचं काम दुसऱ्याला दिलं ते कदाचित भीतीपोटी असेल, कदाचित दुसरा खरोखर योग्य असेल. कळायला मार्ग नसतो, आणि मार्ग नसतो म्हणूनच माणसं गप्प राहतात. तेव्हा वरिष्ठांना सांगायचं की नाही, हे ज्यानं त्यानं आपल्या घरचा हिशेब बघून ठरवावं. पण गाडीत शेजारी बसणाऱ्याला, लॉजवर एका खोलीत झोपणाऱ्याला, पाळीत बरोबर असणाऱ्याला न सांगणं ही शिस्त नव्हे. तिथं मी थोरल्यांच्या विरुद्ध मत देतो.

स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी दोघांनी मिळून एक नियम सांगितला, तो पाठ करण्यासारखा आहे. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर निघण्यापूर्वी मोजा. ९०च्या खाली असेल तर आधी काही खा, मग चावी लावा. वाटेत शुगर उतरल्याची शंका आली तर गाडी कडेला घ्या, साखर घ्या, आकडा वर आल्यावरही पाऊण तास थांबा. डोक्याला सावरायला रक्तापेक्षा जास्त वेळ लागतो. मीटिंगला उशीर झाला तर होऊ दे.

सेन्सरबद्दल मात्र धाकट्यांनीच माघार घेतली, आणि ती मला फार आवडली.

धाकटे: एक कबूल करतो. हा दंडावर कायम असला की माणूस खुळा होतो. मी मध्यरात्री उठून आकडा बघायचो. १४० दिसला की झोप उडायची, झोप उडाली की शुगर आणखी वाढायची.

थोरले: हेच मी म्हणत होतो.

धाकटे: पण सुरुवातीचे पंधरा दिवस सोन्याचे होते. मला वाटायचं मटण-भाकरीनं चढते. चढायची ती सकाळच्या पोह्यांनी आणि त्याबरोबरच्या चहानं. नाइट शिफ्टनंतर दिवसा झोप नीट झाली नाही तर तेच जेवण तीस-चाळीसनं जास्त दाखवायचं. हे मला कुठल्याही डॉक्टरनं पटवलं नसतं.

थोरले: म्हणजे नवी गोळी सुरू झाली, शिफ्ट बदलली, टूर बदलला की पंधरा दिवस लावायचा आणि काढून टाकायचा. मधल्या काळात बोट टोचायचं.

धाकटे: कबूल. आता तुम्ही एक कबूल करा. डोळे कधी तपासलेत?

थोरले: झाली असतील दोन वर्षं. डॉक्टरांची वेळ शनिवारी मिळते आणि महिन्याचा शेवटचा शनिवार म्हणजे आमचं क्लोजिंग.

धाकटे: महिन्यात बाकीचे शनिवार कुठं जातात?

डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा, लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा, पाय रोज, हे थोरले दुसऱ्यांना झोपेतसुद्धा सांगतील. पायांच्या बाबतीत ते पक्के आहेत. रात्री बूट काढले की छोटा आरसा घेऊन तळवे बघतात. तुळजापूरला दर टूरमध्ये जातात, पण दुपारच्या तापल्या फरशीवर अनवाणी नाही, मोजे घालून, कारण बधिर तळव्याला चटका बसलेला कळत नाही आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. धाकट्यांचा प्रश्न सेफ्टी शूजचा आहे. नवे बूट घालून बारा तास लोखंडी जाळीवर उभं राहायचं. त्यांना थोरल्यांनी सुचवलं की नवे बूट आधी घरी दोन-दोन तास घालावेत आणि ते संध्याकाळी विकत घ्यावेत, पाय तेव्हा सुजलेले असतात. धाकट्यांनी ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. दोघांच्या शस्त्रांची अशी अदलाबदल होत होती.

माझं स्वतःचं मत बनलं ते असं. मधुमेहावरचा आपल्याकडचा बहुतेक सगळा सल्ला घरी राहणाऱ्या, ठरल्या वेळी ताटावर बसणाऱ्या माणसासाठी लिहिलेला आहे. एमआर, ट्रकचालक, कंडक्टर, सर्व्हिस इंजिनिअर, तमाशाच्या फडातली माणसं, कीर्तनकार, निवडणुकीच्या कामावर पाठवलेले शिक्षक यांना तो सल्ला लागू पडत नाही. मग ती माणसं दवाखान्यात खोटं वेळापत्रक सांगतात, कारण खरं सांगितलं तर डॉक्टर रागावतील अशी भीती असते. डॉक्टर त्या खोट्या दिवसाला औषध देतात. थोरल्यांची शिस्त आणि धाकट्यांचा सेन्सर या दोन्हींच्या आधी हे खोटं थांबायला हवं. थोरले यावर म्हणतात, डॉक्टरांकडं ऐकायला वेळ नसतो. खरं आहे, म्हणून तोंडी सांगू नये, कागद न्यावा. कागद वाचायला अर्धं मिनिट लागतं.

तुम्ही फिरतीवर असाल तर पुढच्या खेपेला रक्ताच्या रिपोर्टसोबत गेल्या महिन्याचा टूर प्रोग्राम किंवा पाळ्यांचा तक्ता फायलीत लावा, त्यावर खऱ्या जेवणाच्या वेळा पेनानं लिहा आणि एकच प्रश्न विचारा: यातलं जेवण चुकलं तर या गोळीनं काय होईल? आणि गाडी तुमचा ड्रायव्हर चालवत असेल तर ग्लुकोजचा डबा कुठल्या कप्प्यात आहे, ते उद्या निघायच्या आधी त्याला हात लावून दाखवा.